पोवई नाक्यापर्यंतची गाणी

"चित्रं कशाला हवीत त्यात?" हे म्हणाले. "आंधळ्याला कॅसेटची कव्हरं दाखवणार आहात का?"

तांबोळी मॅडमनी माउसवरचा हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्या कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. बावन्नाव्या वर्षी मी त्यांच्याकडे नाव घातलं तेव्हा पोरीबाळी माझ्याकडे बघून हसल्या होत्या, पण मला इलाज नव्हता. यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत थोडंफार दिसेल, पुढचं धरून चालू नका. ही गोष्ट गणपतीच्या आधीची. म्हणजे आमच्या हाती जेमतेम तीन महिने होते.

हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. अक्षर असं की कागदावर छापल्यासारखं वाटावं. त्याच अक्षरात त्यांनी घरातल्या दोनशे कॅसेटींवर गाण्यांची नावं लिहिली होती. ते अक्षर आता त्यांनाच वाचता येईना. मग कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. नको ती गाणी गाळून चारशे बारा उरली. आता प्रश्न एवढाच होता की ती कॉम्प्युटरवरच्या कुठल्या प्लेअरमध्ये लावायची.

"हा सगळ्यात चांगला प्लेअर आहे काका," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "हा आपणहून गाणी लावून घेतो. गायकाप्रमाणे, नावाप्रमाणे. तुम्हाला काहीच करायला नको."

"म्हणूनच नको. मी लावलेली गाणी त्यानं का हलवायची?"

दुसरा प्लेअर जरा बरा निघाला, पण तो आदल्या दिवशी जिथं बंद केला तिथूनच सुरू व्हायचा. "म्हणजे सकाळी उठल्यावर मी कुठं उभा आहे ते मला कळणारच नाही," हे म्हणाले. तोही बाद झाला. तिसरा अगदी जुनापुराणा होता, राखाडी रंगाचा. त्यात नुसती यादी दिसायची. खालच्या बाणाचं बटण दाबलं की पुढचं गाणं, वरच्या बाणाचं दाबलं की मागचं, आणि सुरू केला की पहिल्या गाण्यावर हजर. माउसला हात लावायची गरज नव्हती.

यांनी डोळे मिटून घेतले. बोटांनी चाचपत बटण शोधलं, सात वेळा दाबलं, पुन्हा सात वेळा मागं आले. पहिलंच गाणं लागलं.

"हा," ते म्हणाले. "याला स्वतःचं डोकं नाही. हाच ठेवा."

मॅडम हसल्या. "काकू, फार तापट गिऱ्हाईक आणलंत हो."

मीही हसले. यांच्या तापटपणाची मला एकोणतीस वर्षांची सवय होती. लग्न झाल्यापासून हा माणूस ऑफिसातून यायचा, चहा प्यायचा आणि टेपरेकॉर्डरशी जाऊन बसायचा. मूलबाळ झालं नाही. भांडणंही फारशी झाली नाहीत. बोलणंच कमी, तर भांडणार कशावरून?

गाणी कशी लावायची हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं रागाप्रमाणे लावतील, नाहीतर गायकाप्रमाणे. ते म्हणाले, "रस्त्याप्रमाणे."

"कुठल्या रस्त्याप्रमाणे?"

"आपल्या. घरापासून पोवई नाक्यापर्यंत."

मंगळवार पेठेतून निघून, राजवाड्यावरून, मोती चौकातून हे रोज नाक्यापर्यंत चालत जायचे. तिथून पुढं ऑफिसची गाडी. तेहेतीस वर्षं ते या रस्त्यानं गेले-आले होते. त्यांचं म्हणणं असं की चारशे बारा गाण्यांचे आकडे कुणाच्या बापाला पाठ होणार नाहीत, पण दारं पाठ आहेत. जाताना उजव्या हाताची दारं, येताना पुन्हा उजव्याच हाताची, म्हणजे समोरच्या बाजूची. दर दाराला एक गाणं. एकदा बटण दाबलं की एक दार पुढं सरकायचं.

मी म्हटलं, "भलतंच काहीतरी."

"नकाशावाल्या माणसाला दुसरं काय सुचणार?" ते म्हणाले आणि चक्क हसले.

मग आम्ही रोज सकाळी निघायचो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझ्या हातात वही. दाराशी थांबायचं, त्यांनी डोळे बारीक करून दार, पायरी, पाटी जेवढी दिसेल तेवढी बघायची, आणि त्या दाराला कुठलं गाणं ते सांगायचं. दुपारी घरी येऊन मी ते कॉम्प्युटरवर त्या जागी नेऊन ठेवायचं. दिवसाला चार-पाच दारं व्हायची.

खरं सांगते, माझ्या संसारातले चांगले दिवस म्हणजे ते तीन महिने. दारापाशी उभं राहून हा माणूस बोलायचा. "हे धनवडे शिंप्याचं दुकान. माझे वडील गेले त्या दिवशी इथं मशीन चालू होतं आणि आत रेडिओवर हा अभंग लागला होता. मी ऐकत उभाच राहिलो. घरी उशिरा पोचलो म्हणून काका ओरडले." एका बंद दुकानाशी म्हणाले, "इथं घड्याळं मिळायची. पहिल्या पगारात घड्याळ घेणार होतो, टेपरेकॉर्डर घेतला. या दाराला ती ठुमरी लाव." एकोणतीस वर्षांत मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी वहीत गाण्याचं नाव लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, हे डोळे आधीच अधू झाले असते तर किती बरं झालं असतं. असं मनात यायला नको होतं, पण आलं.

यादी सुरू व्हायची ती शेजारच्या गोडबोल्यांच्या फाटकापासून. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "आणि आपलं दार?"

"आपल्या दारात उभं राहून कोण गाणं ऐकतं?" ते म्हणाले. "दारातून तर निघायचं असतं."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर उजवा डोळा गेला. मार्गशीर्षात डावा. शेवटच्या आठवड्यात परतीच्या वाटेवरची दारं त्यांनी जवळजवळ हातानं चाचपून बघितली. लोक वळून वळून बघायचे. चारशे बारावं गाणं लागलं त्या दिवशी तांबोळी मॅडम पेढे घेऊन आल्या. सगळी यादी त्यांनी एका सीडीवरही उतरवून दिली. "काकू, ही कपाटात ठेवा. कधी काही बिघडलं तर दोन मिनिटांत परत लागेल." मी ती साड्यांच्या खाली ठेवली. यांना सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे, त्या वेळी तरी मुद्दाम नव्हे.

मग हे चालायला लागले. सकाळी चहा झाला की खुर्चीत बसायचे, कानावर हेडफोन लावायचे आणि निघायचे. बोट बटणावर, चेहरा किंचित वर. जाऊन-येऊन पूर्ण फेरी करायला त्यांना तीन-चार दिवस लागायचे, कारण मन लागलं की एकेका दारात गाणं तीन-तीनदा ऐकायचे. मधे लांबची उडी घ्यायची झाली तर भराभर बटण दाबत जायचे आणि अचूक थांबायचे. एकदाही चुकले नाहीत. बघायला येणारे थक्क व्हायचे. नेत्रतज्ज्ञांनी आपल्या दुसऱ्या एका पेशंटला हे बघायला पाठवलं होतं.

माझी मात्र गरज संपली.

"अहो, भाजी काय करू?"

हात वर. "थांब. मी मोती चौकात आहे."

तासाभरानं हेडफोन काढायचे, "काय म्हणत होतीस?" तोवर भाजी झालेली असायची. एकदा मी म्हटलं, "मलाही न्या की बरोबर. दोन हेडफोन लावता येतात म्हणे. मॅडम देतील वायर."

 ते म्हणाले, "दोघं असलो की माझी मोजदाद चुकेल गं."

बोलले ते अगदी साधेपणानं. राग नाही, काही नाही. पण मला ते लागलं. तीन महिने ज्या माणसाला खांदा दिला, ज्याची चारशे बारा गाणी स्वतःच्या हातानं ओळीनं लावून दिली, त्याच्या रस्त्यावर मला पाय ठेवायला जागा नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. त्यांना ऐकू गेलं नाही. कानांवर हेडफोन होते.

फाल्गुनातली दुपार होती. जेवण करून हे कॉटवर पडले होते. कॉम्प्युटर चालूच होता, कारण चारला उठून त्यांना पुढं निघायचं होतं. मी पुसायला म्हणून फडकं घेऊन गेले. पडद्यावर ती राखाडी यादी होती. वरच्या पट्टीत नावाचा रकाना होता. त्यावर माउस नेऊन एकदा दाबलं की गाणी बाराखडीप्रमाणे लागतात, हे मला क्लासात शिकवलेलं होतं. हे कधी करू नका म्हणूनच शिकवलेलं होतं.

मी दाबलं.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी यादी हलली. धनवडे शिंप्याचा अभंग वर कुठंतरी गेला, घड्याळाच्या दुकानातली ठुमरी खाली. पडद्यावर चौकट आली, यादी अशीच साठवायची का? नको म्हटलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. मी हो म्हटलं. मग फडक्यानं टेबल पुसलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं असेल. नव्हतं फिरलं. मला सगळं कळत होतं. माझा हिशोब सरळ होता. रस्ता मोडला की हे मला हाक मारतील. आम्ही पुन्हा वही घेऊन बसू. पुन्हा तीन महिने बोलतील.

चारला ते उठले. भिंतीला हात लावत खुर्चीपाशी आले, हेडफोन चढवले. मी दाराच्या आड उभी. बटण दाबलं. कपाळावर आठी आली. सुरुवातीला जाणारं बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून निघाले. दोन दारं, तीन दारं. थांबले. पुन्हा सुरुवातीला. मग हळूहळू त्यांचा डावा हात उचलला गेला आणि समोर हवेत काहीतरी शोधू लागला, भर रस्त्यात कुणी एकटं सोडून दिलेल्या माणसासारखा. तसाच हात पुढं धरून ते बसून राहिले. आजही डोळे मिटले की मला तो हात दिसतो.

"कुमुद," त्यांनी हाक मारली. "इकडे ये गं. काहीतरी झालंय."

मला हवी होती ती हाक आली होती. मी पदराला हात पुसत गेले.

"काय झालं?"

"गोडबोल्यांच्या फाटकाशी भलतंच गाणं आहे. पुढंही सगळं भलतंच. मी कुठं आहे तेच कळत नाहीये."

मी उगाच माउस हलवला. "यादी विस्कटलीय वाटतं. दुपारी लाइट गेली होती ना मधेच, कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्यात झालं असणार."

"लाइट गेली होती?"

"गेली होती की. तुम्ही झोपला होतात." भारनियमनाचे दिवस होते, रोजच जायची. खोटं बोलायला त्याहून सोपं काय असणार?

 मी खुर्ची ओढून शेजारी बसले. "एवढं काय त्यात? पुन्हा लावू. माझ्याकडे वही आहे. आणि नाहीतर नव्यानं लावू. उद्यापासून रोज सकाळी निघू दोघं, तेव्हासारखे."

"आता कसं निघणार?" ते म्हणाले. "तेव्हा दार दिसत होतं. दार बघून गाणं सुचत होतं."

"वही वाचून दाखवीन ना मी."

"वहीत तू गाण्यांची नावं लिहिलीयस. दार माझ्या डोळ्यांत होतं. रोज त्या वाटेनं जात होतो म्हणून ते टिकून होतं गं."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि वायर नीट गुंडाळली. ही वायर त्यांनी कधी गुंडाळली नव्हती.

सीडी साड्यांच्या खाली होती. त्याच वेळी उठून आणली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मग ते विचारणार, होती तर आधी का नाही बोललीस? मी ठरवलं, चार दिवस जाऊ देत. मग म्हणू, तांबोळी मॅडमकडे प्रत निघाली.

त्या चार दिवसांत हे कॉटवरून फारसे उठलेच नाहीत. पण माझ्याशी बोलत होते, हेही खरं. "कुमुद, किती वाजले?" "कुमुद, बाहेर कोण आलंय?" संध्याकाळी माझा हात धरून ओट्यावर येऊन बसायचे. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. बाणाच्या बटणावर असायचं ते बोट आता माझ्या मनगटावर असायचं. मला बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटत होतं. चाराचे आठ दिवस झाले, आठाचे वीस.

विसाव्या दिवशी त्यांना आंघोळीला नेताना लक्षात आलं, माणूस घटलाय. मनगटाची हाडं वर आली होती. ताटातलं अर्धं अन्न ते रोज मागं ठेवत होते आणि मी उन्हाळा म्हणून सोडून देत होते.  दुपारी मी कपाट उघडलं, सीडी काढली. यादी परत लावली. खरंच दोन मिनिटं लागली.

"अहो, उठा बरं," मी म्हटलं. "तांबोळी मॅडमकडे जुनी प्रत सापडली. सगळं जसंच्या तसं लागलंय. गोडबोल्यांच्या फाटकापासून."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन कानावर चढवले. त्यांनी बटण दाबलं. पहिलं दार, दुसरं, तिसरं. चेहऱ्यावर उजेड आला. वीस दिवसांत पहिल्यांदा मान वर झाली. चौथं दार, पाचवं.  सुटले एकदाची, असं मनात म्हटलंसुद्धा.

सहाव्या दाराशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी हेडफोन उतरवले.

"आणि हे पुन्हा गेलं तर?"

"नाही जाणार आता."

"तुला काय माहीत?"

 ते जरा वेळ थांबले, मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मग अगदी शांतपणे म्हणाले, "त्या दुपारी पंखा चालू होता गं. मी जागाच होतो. एकदाही थांबला नाही."

डोक्यावर तोच पंखा गरगरत होता. खाली बसून त्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं. नुसतं वाटलं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "चहा टाकू का?"

"टाक," ते म्हणाले. "आणि हे हेडफोन ठेवून दे. यापुढं तूच लावत जा मोठ्यानं. तुला आवडेल ते."

त्यानंतर ते चार वर्षं जगले. कधी आवाज चढवला नाही, मला काही ऐकवलं नाही, कुणाकडे शब्द काढला नाही. पूर्वी मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस, आता समोर येईल ते खायचा. रोज संध्याकाळी सातला मी कॉम्प्युटर लावायची आणि विचारायची, "कुठलं लावू?" रोज एकच उत्तर यायचं. "कुठलंही."

मी त्यांच्या आवडीचं लावून बघितलं. ठुमरी लावली, अभंग लावला. "धनवड्यांचं दार आलं बघा," असंही एकदा म्हणून बघितलं. ते हूं म्हणाले.

शेवटच्या वर्षातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका जुन्या भावगीतावर ढोल-ताशे चढवून त्याचं नाचायचं गाणं केलं होतं. तबला सूतभर उतरला तरी उठून जाणाऱ्या या माणसासमोर मी ते मुद्दाम लावलं. आवाज मोठा केला. शिव्या देतील, फेकून दे म्हणतील, निदान कानांवर हात तरी ठेवतील. भिंती हादरत होत्या. हे मांडीवर हात ठेवून सरळ बसून होते.

मला राहवलं नाही. मी आवाज बंद केला आणि ओरडले, "अहो, रागवा की एकदा तरी! मी केलं ते. मुद्दाम केलं. काहीतरी बोला मला."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"संपलं का गाणं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी बंद केलं."

"मग लाव की," ते म्हणाले. "चालेल."